थोडं लांबलं, एवढंच

जुन्या डॉक्टरीणबाईंनी दवाखाना बंद केल्याचं कळलं त्या दिवशी ती त्या बंद दारासमोर बराच वेळ उभी राहिली. सातवा महिना चालू होता. दारावर कागद चिकटवलेला होता. डॉक्टर मुलाकडे कायमच्या राहायला गेल्या आहेत, पेशंटनी मोठ्या इस्पितळात जावं. नवऱ्याने तो मोठ्याने वाचला आणि म्हणाला, "चला, बरंच झालं. तिकडे लिफ्ट आहे."

पहिल्या बाळंतपणात त्या आतल्या खोलीत काय झालं, हे तिच्याखेरीज नीट माहीत असलेलं एकच माणूस होतं. ते आता मुलाकडे राहायला गेलं होतं.

नवऱ्याचा धंदा सामान हलवण्याचा. एक टेम्पो, दोऱ्या, गोधड्या, आणि जोडीला बायकोचा धाकटा भाऊ. जिन्यावरून ओझं उतरवताना तो सारखा "सावकाश, सावकाश" ओरडायचा, म्हणून सगळे त्याला सावकाशभाऊच म्हणत. धंद्यातलं त्याचं एक ठाम मत होतं. जे दारातून आत गेलं ते दारातूनच बाहेर येतं. खिडक्या काढणं, कठडे तोडणं, करवती लावणं ही कच्च्या गड्यांची कामं.

मोठ्या इस्पितळातली डॉक्टर तरुण होती. तिने विचारलं, "मागच्या वेळी काय झालं होतं?"

"थोडं लांबलं, एवढंच," सावकाशभाऊ म्हणाला.

"मी यांना विचारलं," डॉक्टर म्हणाली. "तुम्ही होतात का आत?"

"आत नव्हतो. पण बाहेरच होतो. अगदी दाराला चिकटून."

बायको तोंड उघडणार तोच त्याने लिफ्टचं कौतुक सुरू केलं. डॉक्टरने जुने कागद चाळले आणि म्हणाली, "दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. कळा येण्याची वाट पाहता येईल, नाहीतर आधीच तारीख ठरवून सिझेरियन करता येईल. धोके दोन्हीकडे आहेत. ऑपरेशन म्हणजे सुटका असं समजू नका. टाके दुखतात, सावरायला वेळ लागतो, आणि पुढच्या खेपेला त्याचाही विचार करावा लागतो. तुमच्या मनात काय आहे ते पुढच्या भेटीत मला सांगा." हे ती बायकोकडे बघून बोलत होती. मान डोलावली सावकाशभाऊने.

घरी आल्यावर सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "चिरायचं? धडधाकट पोरीला? अगं, मी चार काढली. तिसऱ्याच्या वेळी तर शेगडीवर दूध होतं, तेसुद्धा उतू जाऊ दिलं नाही."

"आई म्हणते ते खरं आहे," सावकाशभाऊ म्हणाला. "एकदा वाट झाली की दुसऱ्यांदा अडत नाही. आमच्या धंद्यात तर..."

"मी काय तुमचा सोफासेट आहे?"

"तसं नाही गं."

"मागच्या वेळचं मला तुम्हाला एकदा नीट सांगायचंय."

"आता कशाला उगाळायचं? झालं ना सगळं नीट? ती बघ." आणि त्याने थोरलीकडे बोट दाखवलं. चार वर्षांची थोरली पलंगावरून उशीवर उड्या मारत होती. ठणठणीत होती, यात काही वाद नव्हता.

तिने पुन्हा विषय काढला नाही. तिचं मन निम्म्याहून जास्त ऑपरेशनकडे झुकलं होतं. पण ते का हवं हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला ते हवं म्हणून सांगायचं तरी कसं?

पुढची भेट होती त्या दिवशी सकाळी सावकाशभाऊने आतल्या खोलीतलं मोठं लाकडी कपाट हलवायला काढलं. पाळणा ठेवायला जागा हवी होती, आणि मेहुण्याला कपाट हवं होतं.

"आज नको," बायको म्हणाली. "दुपारी दवाखान्यात जायचंय."

"दुपारपर्यंत मी चहा पिऊन, अंघोळ करून तयार असेन."

कपाट दारातून अगदी गुण्यागोविंदाने बाहेर पडलं. पहिला जिनाही उतरलं. वळणावर मेहुणा खाली राहिला आणि सावकाशभाऊ स्वतः कोपऱ्यात शिरला, तिथून रेटून फिरवायला. "सावकाश... सावकाश... आता दे!" मेहुण्याने दिलं. कपाट फिरलं आणि थांबलं. त्याचं एक टोक वरच्या छताला लागलं, दुसरं कठड्यात रुतलं, आणि मागे भिंतीच्या कोपऱ्यात, उभ्या गादीसारखा, सावकाशभाऊ.

"भावोजी, कुठे आहात?"

"आत!"

मेहुण्याने ओढलं. सावकाशभाऊने ढकललं. कपाट आणखी बोटभर रुतलं आणि सावकाशभाऊच्या पोटातली हवा बाहेर पडली. आवाज ऐकून खालच्या मजल्यावरचे मास्तर बाहेर आले. ते शाळेत कवायत शिकवायचे. त्यांनी परिस्थिती पाहिली आणि ताबा घेतला.

"लांब श्वास घ्या! आता लावा जोर! अजून! अजून! आलं, आलं, आलं!"

"काही आलं नाही! बरगडी आली!"

"धीर सोडू नका! अर्धं काम झालंय!"

"कोणतं अर्धं?" आतून आवाज आला.

वरून सासूबाई आणि बायको उतरून आल्या. त्यांचीही वाट बंद झाली होती. सासूबाईंनी कपाटावर टकटक केलं. "अरे, आहेस ना?"

"आई, मी कुठे जाणार?"

"मग ओरडतोस कशाला? ओरडल्याने ताकद जाते. गप राहून कळ काढावी."

खाली आणखी दोघे-तिघे जमले. कुणी विचारलं, काय झालं हो? मेहुणा घाम पुसत म्हणाला, "विशेष काही नाही. थोडं लांबलंय, एवढंच."

कपाटामागून असा आवाज आला की मास्तर एक पायरी मागे सरकले.

"थोडं? अरे, थोडं? इथे आत मी आहे की तू? तुला काय माहीत किती लांबलंय?"

"भावोजी, मी आहे की इथे. अगदी कपाटाला चिकटून."

बायकोने पदर तोंडावर धरला. तिला इतकं हसू आलं की ती कठड्याला धरून हळूहळू पायरीवर बसली. सासूबाई घाबरल्या. "अगं, पोट सांभाळ!"

"पोट ठीक आहे, आई. हे पोटासाठी औषध आहे."

मग खाली सभा भरली. एक म्हणाला, तेल सोडा. मास्तर म्हणाले, थोडा वेळ वाट पाहू, लाकूड आपोआप बसतं. मेहुणा म्हणाला, धंद्यातला एक जाणता माणूस आहे, तो संध्याकाळी मोकळा होतो, त्याला विचारल्याशिवाय हात नको लावायला. कुणीतरी करवतीचं नाव काढलं.

"छे!" मेहुणा म्हणाला. "भावोजींना चालणार नाही. जे दारातून गेलं ते..."

"कापा!" कपाट म्हणालं.

"भावोजी, घाई नको. एवढं सोसलंत, आणखी जरा..."

"अरे, मला विचारा की! आत मी आहे! तुम्ही सगळे माझ्या डोक्यावरून बोलताय, मला कुणी विचारतंय का?"

मेहुणा करवत आणायला टेम्पोकडे गेला, आणि टेम्पोत करवत नव्हतीच. असणार कशी? सावकाशभाऊने धंद्यात कधी ठेवूच दिली नव्हती. तो सुताराकडे धावला.

आता थांबणंच होतं. मास्तर खुर्ची आणायला गेले. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये वरच्या बाजूला फट होती, आणि त्या फटीतून, पायरीवर बसलेल्या बायकोला, नवऱ्याचा एक कान दिसत होता. बाकी काही नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा कान एवढा जवळ आणि एवढा रिकामा तिला कधी मिळाला नव्हता.

"अहो," ती म्हणाली.

"हं."

"आता सांगू का?"

कान हलला नाही. "सांग," तो म्हणाला. "मी कुठे जातोय."

मग तिने सांगितलं. कसं सगळे तिच्या डोक्यावरून बोलत होते. कसं पहाटेपासून संध्याकाळपर्यंत तिला "आता झालंच" म्हणत होते आणि होत नव्हतं. कसं तिने दोनदा सांगितलं की आता माझ्याने होत नाही, आणि कुणीतरी म्हणालं, सगळ्याच बायका म्हणतात असं. डोकं अडकलं होतं. मग यंत्र लावून ओढलं, रक्त फार गेलं, आणि डॉक्टरीणबाईंनी तिचा हात इतका घट्ट धरला की तेव्हा तिला समजलं, त्याही घाबरल्यात.

"तू मला कधी..." आतून आवाज आला.

"सांगत होते. तुम्ही पोरगी दाखवायचात."

कान लाल झाला.

"मला दाराबाहेर ऐकू येत होतं," तो म्हणाला. "सगळं नाही. पण येत होतं. म्हणून नको वाटायचं ऐकायला. आणि चिरायचं म्हटलं की माझ्या पायातलं बळ जातं. तुझ्या नव्हे, माझ्या."

"मला माहीत आहे. तुम्हाला इंजेक्शन द्यायलासुद्धा दोन माणसं लागतात."

"तीन लागली होती," सासूबाई म्हणाल्या. त्या मागेच उभ्या होत्या. सून बोलत होती तेव्हा त्या एकदाही मध्ये बोलल्या नव्हत्या, हे घरात पूर्वी कधी घडलं नव्हतं.

"मग बाळ बाहेर आलं," ती म्हणाली, "आणि रडलं नाही. मी विचारत होते, रडत का नाही, रडत का नाही. कुणी माझ्याकडे बघतच नव्हतं. तेव्हा मी..."

"आणली!" खालून मेहुणा ओरडला. त्याच्यामागे सुतार होता, आणि सुताराच्या हातात हातभर लांब करवत. "आई, तुमचं कपाट आहे. लावू का?"

सगळ्यांनी वर पाहिलं. ते कपाट सासऱ्यांचं होतं. सासूबाईंनी त्यावरून हात फिरवला.

"लाव," त्या म्हणाल्या. "कपाट काय, दुसरं येईल. आतलं माणूस सुखरूप बाहेर आलं पाहिजे. कुठल्या वाटेने येतंय त्याचं काय करायचंय?"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. सून त्यांच्याकडेच बघत होती.

"बघतेस काय अशी?" सासूबाई म्हणाल्या. "तुलाच म्हणाले. त्यालाही म्हणाले. दोघांनाही म्हणाले."

करवत चालू झाली. सुतार फळी कापता कापता म्हणाला, "हे कपाट वर चढलं तरी कसं?"

"वर चढलंच नाही," सासूबाई म्हणाल्या. "ह्यांनी फळ्या आणून वरच ठोकलं."

करवत थांबली. "आई!" आतून आवाज आला. "हे सकाळी सांगायचं ना!"

"मला विचारलं कुणी?"

भुशाने पांढरा झालेला सावकाशभाऊ बाहेर आला तेव्हा मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. अंघोळीला वेळ नव्हता. तो तसाच बायकोबरोबर दवाखान्यात गेला. लिफ्टमधले लोक त्याच्यापासून जरा लांब उभे राहिले.

डॉक्टरने विचारलं, "मग, काय ठरलं?"

सावकाशभाऊने तोंड उघडलं. मिटलं. बायकोकडे बघितलं.

"आधी मागच्या वेळचं सांगते," बायको म्हणाली. आणि तिने जिवावर कसं बेतलं होतं ते सांगितलं. डॉक्टरने मध्ये मध्ये प्रश्न विचारले, दोन्ही वाटा पुन्हा समजावल्या, आणि घाई केली नाही. शेवटी बायको म्हणाली, "मला ऑपरेशन हवंय. वाट माहीत असलेली बरी."

"ठीक आहे. तुम्हाला काही विचारायचंय?" डॉक्टरने सावकाशभाऊला विचारलं.

"हिने नंतर किती ओझं उचलायचं?"

"सुरुवातीला बाळापेक्षा जड काही नाही."

"मग बाकीचं माझ्याकडे," तो म्हणाला. हे एवढं तो पहिल्यांदाच माहितीने बोलत होता.

ठरलेल्या दिवशी सकाळी धाकटा आला. बाहेर येताच असा रडला की ती टेबलावर पडल्या पडल्या हसली. सावकाशभाऊ तिच्या डोक्याशी खुर्चीवर होता. पडद्यापलीकडे बघायचं नाही, असं तिनेच त्याला बजावलं होतं. नंतरचे आठवडे त्याने बादल्या, गाद्या, थोरली, सगळं उचललं. रात्री तो पाठ टेकली की झोपायचा, आणि दिवसा घरात कुणी ना कुणी बाळ बघायला यायचं.

थोरली बाहेर आली तेव्हापासून ती पहिल्यांदा रडेपर्यंत तिच्या आईच्या मनात काय काय येऊन गेलं, ते सावकाशभाऊला सांगायचं अजून राहिलं आहे.