जंतूंची घरं पाहणारा मोरेश्वर

लगनात लोक आहेर घेऊन येतात, आमचा शेजारी मोरेश्वर रिकामी बाटली घेऊन येते. जेवण झालं का थोडीशी कढी बाटलीत भरते, वर चिठ्ठी चिकटवते. नवरीची माय इचारते, भाऊ, कढी कशी झाली? तर म्हणे, "आता नाई सांगता येत. परवा सांगतो."

ब्रह्मपुरीच्या एका लॅबमंधी तो कामाले आहे. नासलेल्या अन्नातले जंतू काचेच्या ताटलीत वाढवते. त्याईच्यावर औषधाच्या बारीक टिकल्या ठेवते. कोणती टिकली किती जंतू मारते, ते पट्टीनं मोजते. बायको नाई, लेकरू नाई. जंतूबद्दल मात्र सोयरे असल्यावानी बोलते. "बाई, आडनाव एक असलं म्हणून घर एक नसते," हे त्याचं ठरलेलं. आडनाव म्हंजे जंतूची जात, घर म्हंजे त्या जातीतलं एकेक कूळ.

नवरा गेल्यापासून मी शाळेत पोराईचं रांधो. त्याच्यावरच माहं घर चाले. एक दिवस सकाळी आलू उकडले, हातानं कुस्करले, झाकून ठेवले. दोन वाजता पोराईनं खाल्ले. सांजेपर्यंत अर्धी शाळा ओकून ओकून दवाखान्यात. माह्या उजव्या हाताचं बोट इळीनं कापलं होतं, पिकलं होतं, वर चिंधी. लोक म्हणे, बाईनंच केलं.

मोरेश्वरनं पोराईची ओकारी नेली, उरलेले आलू नेले, माह्या बोटाचा पू बी काडीवर नेला. चार दिवसानं म्हणे, तिन्हीकडं आडनाव एकच निघालं. पण बाई, या आडनावाचे जंतू कितीक लोकाईच्या नाकात राह्यतात. कोणती टिकली कोणाले मारते ते जुळवून घर पाहा लागते.

मले वाटलं, सुटली मी.

मंग काई दिवस तो दिसलाच नाई. लॅबमंधीच राहे. एक दिवस दुपारी आला, दारात उभा राह्यला. हातात कागद. मीच म्हटलं, बोल ना भाऊ.

"घर बी तुमचंच निघालं, बाई. तीनदा करून पाह्यलं."

"एकदा केलं तर पुरत नाई का?"

"पुरते."

पोरं बरी आहेत का, मी इचारलं. सारी घरी गेली, म्हणे. कागद उद्या शाळेत द्या लागते, म्हणे.

"मंग दे. पोराईचं पोट आहे ते."

तरी तो गेला नाई. उंबऱ्यावर बसला, बाहीनं डोळे पुसत राह्यला. मीच उठून त्याले पाणी देल्लं, डाव्या हातानं.