अर्जदारास किती वर्षांपासून ओळखता?

"नामंजूर!" अप्पांनी बाहेरच्या खोलीतून जाहीर केलं आणि स्वतःच्या बायकोचा अर्ज दुसऱ्यांदा परत पाठवला.

माई स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होत्या. ओट्यावरचा फोन वाजला तसा त्यांनी चष्मा लावून वाचलं : 'सदस्यत्वाचे कारण असमाधानकारक.'

"अहो, काय असमाधानकारक आहे त्यात?"

"'तुम्ही सांगितलंत म्हणून' हे कारण होत नाही."

"पण खरं तेच आहे ना!"

"खरं असेल. रकान्यात बसत नाही."

अप्पांनी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात एकतीस वर्षं काढली होती. हजारो माणसं त्यांच्या सहीनं जगात आली आणि त्यांच्याच सहीनं गेली, पण अर्धवट भरलेल्या अर्जावर त्यांनी ना कुणाला येऊ दिलं, ना जाऊ दिलं. निवृत्तीनंतर टेबल सुटलं, पण सवय काही सुटली नाही.

त्यात सहा महिन्यांपूर्वी जे घडलं ते त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. एकुलत्या एका लेकीला दिवस गेल्याची बातमी अप्पांना जिन्यात कळली. आणि सांगितली कुणी, तर खालच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी! लेकीनं ती मोबाइलवरच्या घरच्या ग्रुपवर टाकली, तिथून अप्पांच्या मेव्हण्यानं उत्साहाच्या भरात इमारतीच्या ग्रुपवर ढकलली, आणि त्या वेळी अप्पा दाढी करत होते. संध्याकाळी त्यांनी कागद घेऊन मोजदाद केली, तर ते स्वतः सातवे निघाले. मुलीचा जन्मदाता बाप, आणि सातवा! त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

"यापुढे घरची बातमी घरात," त्यांनी सांगून टाकलं. "परक्याच्या ग्रुपवर नाही. आपलं स्वतःचं यंत्र, आपली स्वतःची खोली, आणि आत कोण येणार ते मी ठरवणार."

आक्कांची, म्हणजे अप्पांच्या थोरल्या बहिणीची मुलगी संगणकाच्या कंपनीत होती. तिनं एका रविवारी येऊन कपाटाशेजारच्या स्टुलावरच्या जुन्या संगणकात गप्पांचा सर्व्हर बसवून दिला. त्यातल्या एकमेव खोलीचं नाव ठेवलं 'घर'. पहिलं खातं अर्थातच अप्पांचं उघडलं.

"मामा, नोंदणी सगळ्यांना खुली ठेवू, की बंद?"

"खुली?" अप्पांच्या कपाळावर आठी पडली. "नोंदणी ही काय धर्मशाळा आहे?"

मग अप्पांनी स्वतः अर्जाचा नमुना केला. त्यात नाव, नातं, कारण असे अकरा रकाने, आणि तळाशी नात्यातला नसलेला एक साक्षीदार. त्या साक्षीदारासाठी वेगळा प्रश्न : 'अर्जदारास किती वर्षांपासून ओळखता?' साक्षीदारानं आत येऊनच मंजुरीचं बटण दाबायचं, म्हणजे त्यालाही खातं हवं. आता नात्यातला नसलेला आणि कायम घरात सापडणारा माणूस म्हणजे पोस्टमास्तरच. ज्यांच्यामुळे हा सगळा खटाटोप केला, त्यांनाच अर्जावरचं पहिलं खातं द्यावं लागलं याचा अप्पांना संताप आला. पण करणार काय? पोस्टमास्तरांच्या अर्जात एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नव्हता.

माईंनी तिसऱ्या खेपेला 'कौटुंबिक संपर्क' असं लिहिलं, तेव्हा कुठे त्यांचं खातं मंजूर झालं. वर अप्पांनी त्यांना दुसऱ्या क्रमांकाचं प्रशासकही केलं. "मी रजेवर गेलो तर चार्ज कुणाकडे द्यायचा?" असं त्यांचं म्हणणं होतं. ते रजेवर कुठे जाणार होते हे माईंनी विचारलं नाही. लेक, जावई, मेव्हणा आणि मेव्हण्याची बायको यांनी कुरकुरत का होईना, अर्ज भरले. बाकीच्या गोतावळ्यानं अकरा रकाने पाहून हात जोडले.

लेक दूरच्या शहरात होती. माईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीनच आठवडे झाले होते, त्यामुळे दोघांपैकी कुणालाच तिच्याकडे जाता आलं नव्हतं. म्हणून अप्पांनी जावयाला निक्षून सांगितलं होतं, "फोन करायचा नाही. फोनवर बोललेलं चार भिंतींपलीकडे जातं. बातमी 'घर'मध्ये टाकायची. मी समोरच बसलेला असेन. या वेळी मी पहिला!"

मंगळवारी सकाळी साडेनऊला 'घर'मध्ये जावयाचा निरोप आला : 'हॉस्पिटलमध्ये पोहोचलो. डॉक्टर म्हणतात आजच.'

अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि संगणकापुढे खुर्ची ओढली. पण बातमीच्या आधी अर्ज आले. इतके दिवस हात जोडून बसलेल्या गोतावळ्याला एकाएकी जाग आली होती. दहा वाजेपर्यंत बावीस अर्ज तुंबले, आणि एकही धड नाही. एका चुलतभावानं नात्याच्या रकान्यात 'ओळखलं नाही का?' असं लिहिलं होतं. एका मावसबहिणीनं कारणाच्या रकान्यात फुलाचं चित्र टाकलं होतं.

"ही काय पद्धत झाली?" अप्पा कडाडले. "मुलाच्या दाखल्यासाठी माझ्या खिडकीपुढे उभे असते, तर टाकलं असतं फूल?"

तेवढ्यात आक्कांचा फोन आला.

"अप्पा, अरे मी तासभर बसलेय. ते साक्षीदार साक्षीदार करतंय. मी काय खून केलाय का?"

"आक्का, खालच्या पोस्टमास्तरांचं नाव घाल ना."

"त्या मेल्याला मी ओळखतसुद्धा नाही! तुझ्या लेकीला मी न्हाऊ घातलंय, आणि मला परक्याची साक्ष? राहू दे रे. नाहीच कळवायचं म्हटल्यावर माणसानं काय समजायचं ते समजावं."

आणि आक्का रडू लागल्या. एकतीस वर्षांत अप्पांना मंत्र्याच्या चिठ्ठीलाही हलवता आलं नव्हतं, पण आक्कांच्या रडण्यापुढे त्यांचं काही चालत नसे. "थांब, थांब. दहा मिनिटं दार उघडतो. अर्जबिर्ज नको. नुसतं नाव टाक आणि आत ये," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नोंदणी खुली केली.

आक्कांना चष्मा सापडेना. मग चष्मा सापडला, पण फोनची बॅटरी गेली. दहा मिनिटांचे दोन तास झाले. आणि त्या दोन तासांत, जगाच्या कुठल्या कोपऱ्यात कोण टपून बसलं होतं देव जाणे, अप्पांच्या स्टुलावरच्या संगणकात साडेतीनशे माणसं घुसली. माणसं कसली, यंत्रंच ती! कुणाचं नाव नुसते आकडे, कुणाचं 'गोड परी ८८'. एक टकलावर केस उगवून देत होता, दुसरा आठ दिवसांत वजन उतरवत होता, तिसरी 'हॅलो डियर' म्हणून प्रत्येकाला लिंक वाटत होती.

आक्का शेवटी आत आल्या त्या थेट या गर्दीत. पाच मिनिटांनी त्यांचा फोन आला. आता आवाज प्रसन्न होता.

"अप्पा, जावयाकडची माणसं फार मोकळी आहेत रे! मी विचारलं, आपण जावईबापूंकडचे का, तर लगेच म्हणतात, येस डियर. त्यांनी काहीतरी उघडायला दिलंय. उघडू का?"

"आक्का! हात लावू नकोस कशाला!"

अप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जावयाचा एखादा निरोप येऊन गेला असेल, तर तो या केसांच्या तेलाखाली कुठे गाडला गेला असेल? त्यांनी प्रशासकाचं पान उघडलं. भाचीनं तिथं एक बटण देऊन ठेवलं होतं : 'मंजूर अर्ज नसलेली सर्व खाती कायमची बंद करा'. ते वाचूनच अप्पांना गार वाटलं. जगात सगळीकडे असं एक बटण असायला हवं, असं त्यांचं मत झालं.

बटण दाबल्यावर संगणकानं विचारलं, 'खात्री आहे? बंद केलेली नावं पुन्हा कुणालाही मिळणार नाहीत.'

"मिळूच नयेत!" अप्पा म्हणाले आणि त्यांनी होकार दिला.

पडदा क्षणभर थांबला. 'तीनशे छप्पन्न खाती बंद करण्यात आली.' केस गेले, वजन गेलं, गोड परी गेली. बिचाऱ्या आक्काही गेल्या. अप्पांनी समाधानानं हात चोळले. मग पडदा पांढरा झाला आणि त्यावर एकच ओळ उमटली : 'आपले खाते अस्तित्वात नाही.'

अप्पांनी पासवर्ड टाकला. पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा टाकला आणि भाचीला फोन लावला.

"मामा, पटकन बोला, मी मीटिंगमध्ये आहे."

"तुझ्या यंत्रानं मला बाहेर काढलंय! मला! यंत्र माझं, वीज माझी, स्टूल माझं!"

भाचीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या खात्याचा अर्ज कधी मंजूर झाला होता?"

"माझा कशाला अर्ज? मी तर पहिल्या दिवशी..." अप्पांना एकदम आठवलं. अर्जाचा नमुना त्यांनी स्वतःचं खातं उघडल्यानंतर केला होता. एकतीस वर्षं दुनियेकडून अर्ज भरून घेणाऱ्या माणसाचा स्वतःचा अर्जच नव्हता.

"मग त्यानं बरोबरच केलं, मामा. दुसरं प्रशासक कोण आहे?"

"तुझी मामी."

"मग मामीकडे अर्ज करा ना," भाची म्हणाली, आणि फोन ठेवायच्या आधी तिला हसू आवरलं नाही. अप्पांनी ते स्पष्ट ऐकलं.

जावयाला फोन करावा, तर तोंडानं बोललेलं आडवं येत होतं. तरी शेवटी त्यांनी मनावर दगड ठेवून लावलाच. जावयाचा फोन बंद होता. दुपारचा एक वाजून गेला होता. अप्पांनी मुकाट्यानं स्वतःच्याच अर्जाचे अकरा रकाने भरले. स्वयंपाकघरात टिंग झालं. लगेच इकडे टिंग झालं.

'नामंजूर. सदस्यत्वाचे कारण असमाधानकारक.'

"अगं, हा काय पोरखेळ आहे!" अप्पा दारात येऊन ओरडले. "कारणात 'सर्व्हर माझा आहे' असं स्वच्छ लिहिलंय!"

माई खुर्चीवर पाय लांब करून बसल्या होत्या. डोळे जरा लाल दिसत होते, पण शेजारी चिरलेला कांदा होता. "खरं असेल. पण रकान्यात बसत नाही," त्या म्हणाल्या. "आणि साक्षीदारही नाही."

"तिथं माझी लेक हॉस्पिटलात आहे, आणि तुला रकाने सुचतायत?"

"तेच तर लिहा की मग."

अप्पा तणतणत गेले. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'लेकीची काळजी वाटते.' इतकं वैयक्तिक कारण नोकरीत असताना त्यांनी हमखास फेटाळलं असतं. मग चपला घालून ते जिना उतरले. ज्या जिन्यात त्यांना ती बातमी कळली होती तोच जिना, आणि खाली तेच पोस्टमास्तर. साक्षीसाठी त्यांच्या दारात उभं राहायचं म्हणजे अप्पांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"या या, अप्पासाहेब!" पोस्टमास्तरांनी दार उघडलं. ते उगाचच खूप हसत होते. "साक्ष ना? आनंदानं! आज तर विशेष आनंदानं!"

"यात आनंद कसला? एक बटण दाबायचंय."

"दाबतो, दाबतो." पोस्टमास्तरांनी फोन काढून मोठ्यानं वाचलं, "अर्जदारास किती वर्षांपासून ओळखता? काय लिहू? बावीस लिहितो. पण अप्पासाहेब, खरं सांगू का, बावीस वर्षांत तुम्ही आमच्या घरात आलात ते आज पहिल्यांदा. बसा ना."

"वेळ नाही," अप्पा म्हणाले. पण वर जाताना ते वाक्य त्यांना जरा टोचलं.

ते खुर्चीत बसतात न बसतात तोच टिंग झालं. अप्पांनी चष्मा सारखा केला. माईंनी त्यांच्याच कार्यालयाच्या भाषेत उत्तर धाडलं होतं : 'अर्ज मंजूर. अर्जदाराने मागितलेले अप्पा हे नाव पूर्वीच कायमचे बंद झाले असल्याने देता येत नाही. सबब अर्जदाराचे खाते पुढील नावाने उघडण्यात येत आहे : आजोबा.'

अप्पा ताडकन उठले.

"हा अधिकाराचा सरळसरळ गैरवापर आहे! नाव ठरवण्याचा हक्क अर्जदाराचा! मी हे नाव मागितलंच नव्हतं! कुणी सांगितलं तुला आजो..."

अप्पांनी वळून पाहिलं. दारात माई उभ्या होत्या, भिंतीला धरून, दुखऱ्या गुडघ्यावर. आणि डोळ्यांतलं पाणी कांद्याचं नव्हतं.

अप्पांनी खिसे चाचपले, पेन काढलं आणि कागद ओढला. प्रश्न सवयीनं आपसूक निघाले.

"जन्मवेळ?"

"बारा वाजून चाळीस."

"लिंग?"

"मुलगी. दोघी सुखरूप आहेत."

"नाव?"

"नाव अजून ठेवलं नाही हो. ते म्हणाले, आजोबांना विचारून ठेवू."

अप्पांनी तो रकाना रिकामा सोडला. मग पेनाला टोपण लावलं. शेवटी त्यांनी बारीक आवाजात विचारलं, "मी कितवा?"

माईंनी बोटं मोजली. "लेक, जावई, मी, माझा भाऊ, वहिनी, पोस्टमास्तर... सातवे."

अप्पांनी मान हलवली. मग चपला घातल्या आणि पुन्हा जिना उतरून पोस्टमास्तरांचं दार वाजवलं.

"मघाशी वेळ नव्हता," ते म्हणाले. "आता बसतो."