रोज एक तास वाद न करावे

शालेय वाद्यवृंद शिक्षक महासंघाच्या वार्तापत्रात दोनच सदरं असतात: 'बातम्या' आणि 'संधी'. बातम्यांमध्ये अध्यक्षांचे फोटो असतात. पुढचे फोटो ज्या कार्यक्रमांत काढले जाणार, त्या कार्यक्रमांची माहिती संधींमध्ये असते. सभासद पाकीट फोडतात, अध्यक्षांची तब्येत ठीक आहे एवढं बघून घेतात आणि अंक कपाटावर टाकतात. कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण एका अंकात पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत, महासंघाचा ठराव छापून आला:

'प्रत्येक शाळेच्या वाद्यवृंदाने रोज एक तास वाद न करावे.'

ठराव अर्थातच 'वादन करावे' असा होता. वाद्यवृंदवाल्यांनी दुसरा काय ठराव करायचा? पण छपाईत 'वाद' आणि 'न' यांच्यामध्ये जरा जागा सुटली. एवढीशी. मुंगी आडवी झोपली तर भरून निघेल एवढी.

ही जागा एका बाईंच्या नजरेला पडली. या बाई एका शाळेत वाद्यवृंद शिकवायच्या आणि वार्षिक अधिवेशनात यंदा त्यांचीच मुलं वाजवणार होती. वर्षभर घासून घासून बसवलेली एक रचना, आणि तिच्या मधोमध चेलोची एकट्याची धून. ती वाजवणारी मुलगी शाळेत चेलोताई म्हणून ओळखली जायची, कारण पाचवीत असताना ती चेलोच्या मागे बसली की फक्त रिबीन दिसायची. आता ती दहावीत होती. चेलो शाळेचा होता. वर्ष संपलं की तो शाळेतच राहणार आणि ती जाणार. म्हणजे लोकांसमोर वाजवायची ही तिची पहिली वेळ होती आणि बहुधा शेवटचीही.

बाईंनी सरचिटणिसांना फोन लावला.

"सर, ठरावात चूक झालीय. 'वादन' हवं होतं."

"काय छापलंय?"

"'वाद न' छापलंय. तोडून."

"पण छापलंय ना? मग ती चूक नाही, बाई. छापायच्या आधी असते ती चूक. छापल्यावर ते धोरण."

"अहो, पण अर्थ उलटा होतोय सर! वाजवायचं सोडून—"

 मग सरचिटणीस अत्यंत मायेने म्हणाले, "बाई, तुम्ही वाद घालताय का?"

बाई गप्प बसल्या. आणि माझं मत विचाराल तर सगळं घसरलं ते इथेच.

कारण या ठरावाची एक खुबी होती. तो चुकीचा आहे असं म्हणायचं तर वाद घालावा लागे, आणि वाद घातला की ठरावाचा भंग होई. शाळेतल्या व्याकरणाच्या सरांनी तरीही महासंघाला एक पत्र पाठवून पाहिलं. 'वाद हा शब्द पुल्लिंगी आहे, तेव्हा निदान वाद न करावा असं तरी म्हणा.' उत्तर आलं, 'महासंघात वाद अनेक आहेत, म्हणून अनेकवचन.' सर शिक्षकांच्या खोलीत येऊन बाईंना म्हणाले, "काय गंमत आहे बघा. अंकभर नुसत्या संधी छापतात, आणि जिथे दोन तुकड्यांचा संधी करायचा तिथे नेमका केला नाही." सगळे पोट धरून हसले. हसून झाल्यावर व्याकरणाचे सर म्हणाले, "जाऊ दे. आपण कशाला बोला."

घरी बाईंच्या सासूबाईंना ठराव फारच आवडला. त्यांनी तो कापून फ्रीजच्या दाराला लावला.

"रोज एकच तास होय गं? उरलेल्या वेळाचं काय म्हणतोय तुझा महासंघ?"

"अहो आई, ती छपाईतली चूक आहे."

"झालं! घातलास ना वाद?"

नवरा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाला, "आईचं बरोबर आहे." त्या घरात हे वाक्य फ्रीजच्याही आधीपासून होतं.

पुढच्या अंकात बातमी आली, ''वाद न' मोहिमेस उत्स्फूर्त प्रतिसाद.' खाली संधी होत्या: वाद न प्रशिक्षक, वाद न समन्वयक, वाद न मूल्यमापक. तीन दिवसांचं निवासी शिबिर, प्रमाणपत्र, चहा. वर्षानुवर्षं ज्यांनी व्हायोलिनची तार बदलली नव्हती असे लोक भराभरा अर्ज करू लागले. शेजारच्या शाळेचे ट्रॉम्बोनवाले मास्तर तर थेट 'ज्येष्ठ वाद न तज्ज्ञ' झाले. महासंघाच्या एकाही सभेत ते कधी चकार शब्द बोलले नव्हते, हा त्यांचा अनुभव धरला गेला. ते सभेत झोपत, ही बाब वेगळी.

मग पाहणी समिती बाईंच्या वर्गात आली. तीन माणसं, गळ्यात तीन ओळखपत्रं. पुढे ट्रॉम्बोनवाले मास्तर. मुलांनी आपली रचना वाजवायला सुरुवात केली आणि मास्तरांनी हात वर केला.

"ही डावीकडची मुलं एक वाजवतात आणि उजवीकडची दुसरंच. असं का?"

"पहिली व्हायोलिनं आणि दुसरी व्हायोलिनं, सर. दोन्ही मिळून स्वरमेळ होतो. तुम्हाला मी काय सांगायचं!"

"आम्हाला मतभेद दिसतो." मास्तर म्हणाले. दुसऱ्या सदस्याने ते लिहून घेतलं. "आणि तो मागचा मुलगा कोणाला मारतोय?"

"ड्रम वाजवतोय."

"एकूण एकच. पुढे चालू द्या."

पुढे चेलोताईची धून आली. सगळी वाद्यं थांबली आणि ती एकटी वाजवू लागली. डोळे मिटून, जरा पुढे झुकून. खरं सांगतो, खिडकीबाहेर घंटा द्यायला निघालेला शिपाईही थांबला. समितीतल्या बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "छान आहे हो." मास्तरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं.

"बाकीचे सगळे गप्प असताना ही एकटीच बोलते," मास्तर म्हणाले. "याला तुम्ही काय म्हणता?"

"एकल वादन."

"आम्ही एककल्लीपणा म्हणतो."

अहवाल आला. ड्रम वगळावा, कारण तो आक्रमक आहे. दुसरी व्हायोलिनं वगळावीत, कारण ती पहिल्यांशी सहमत नाहीत. पहिली वगळावीत, कारण आता दुसरी नसताना त्यांना पहिली म्हणणं हा दुसऱ्यांवर अन्याय आहे. बासरीला आधी सूट होती, पण नंतर लक्षात आलं की एकट्या बासरीला सूट दिली तर इतरांत वाद होतील. शेवटी समितीने एकमताने शिफारस केली, की मुलांनी वाद्यं हातात घेऊन बसावं, कारण वाद्यवृंद आहे. मात्र वाजवू नये, कारण धोरण आहे. जो वाद्यवृंद हे पाळणार नाही त्याची मान्यता जाईल आणि वाद्यं गरजू शाळेला दिली जातील. गरजू म्हणजे जी ती वाजवणार नाही.

मुख्याध्यापकांना तर आभाळ ठेंगणं झालं. संगीताचा वर्ग त्यांच्या खोलीला चिकटून होता.

"बाई, वाद्यवृंदाची एवढी प्रगती मी आजवर ऐकली नव्हती. आणि आतली बातमी आहे, यंदाचा आदर्श पुरस्कार आपल्यालाच. आता तेवढं बिघडवू नका."

"सर, मुलांनी वर्षभर मेहनत केलीय. एकदा तरी वाजवू देत."

"वाजवायला माझी ना नाही. फक्त आवाज नको."

बाई वर्गात परत आल्या. मुलं वाद्यं मांडीवर घेऊन, तोंडं पाडून बसली होती. चेलोताई उभी राहिली.

"बाई, अधिवेशनात मी वाजवणार की नाही?"

"आपण वाद घालायचा नाहीये, बाळा."

"मी कुठे वाद घालतेय? मी विचारतेय."

बाईंना रडू आलं, पण वर्गात रडायची सोय नसते. त्या म्हणाल्या, "रोज मनातल्या मनात वाजवा. मात्रा मोजत राहा. कोणी कुठे सुरू करायचं आणि कुठे थांबायचं, ते विसरू नका. स्टेजवर बघू." ही मात्र बाईंची जुनी शिकवण होती. वाद्यवृंदात जो वाजवत नसतो त्याला गप्प बसून मोजावं लागतं, नाहीतर आपली पाळी कधी आली ते कळत नाही. मुलं मोजू लागली. रोज एक तास सगळा वर्ग ओठ मिटून मोजायचा, आणि शेजारच्या खोलीत मुख्याध्यापकांचा डोळा लागायचा.

अधिवेशनाला सभागृह भरलं होतं. पुढे पदाधिकारी, मागे पालक, सगळ्यात मागे चहा कधी येतो याची वाट बघणारे. तुम्ही होतातच; तुम्हाला कडेची खुर्ची मिळाली होती. अध्यक्षांनी माइक ठोकून बघितला आणि जाहीर केलं, "आता वाद न होईल."

मुलं वाद्यं घेऊन बसली. बाई समोर उभ्या राहिल्या. त्यांनी हात वर केला, तशा व्हायोलिनवाल्यांच्या गजकाठ्या वर गेल्या. आता तो हात खाली आला की सुरुवात. पहिल्या रांगेतून मुख्याध्यापकांनी हळूच मान हलवली, नाही म्हणून. बाईंचा हात वरच राहिला.

मुलांनी मात्र मोजायला सुरुवात केली होती.

सभागृह मंत्रमुग्ध झालं. "काय तयारी आहे!" ट्रॉम्बोनवाले मास्तर पुटपुटले. "एकही जण चुकत नाही." तुमच्या शेजारचे गृहस्थ कुजबुजले, "छपाईतली चूक आहे हो ही. 'वादन' असणार ते." तुम्ही म्हणालात, "ते माझ्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं." मग दोघेही हसलात आणि पुन्हा समोर बघू लागलात.

आणि मोजता मोजता चेलोताईची पाळी आली.

तिने वाजवलं. डोळे मिटून, जरा पुढे झुकून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तिच्याकडून नियमभंग झाला असं मला तरी वाटत नाही. त्या जागी बाकीच्यांनी गप्प बसायचं असं रचनेतच होतं, आणि ते गप्पच होते. काय वाजवलं पोरीने! मागचे चहावालेसुद्धा पुढे सरकले. शेवटचा सूर विरला. आता रचनेप्रमाणे सगळ्या वाद्यांनी मिळून उचलायचं होतं. मुलांनी गजकाठ्या तारांवर टेकवल्या आणि बाईंकडे पाहिलं.

अध्यक्ष उभे राहिले. "यावर कोणाला काही म्हणायचंय?"

बाईंनी वळून सभागृहाकडे पाहिलं. त्यांचा हात अजून वरच होता. एक टाळी, फक्त एक टाळी कोणी वाजवली असती, तर तो खाली आला असता आणि सगळी मुलं एकदम वाजवू लागली असती. तुमचे तळवे एकमेकांजवळ आले होते. मी पाहिलं. तुम्ही शेजारच्या गृहस्थांकडे बघितलंत. त्यांनी व्याकरणाच्या सरांकडे बघितलं. सर आढ्याकडे बघत होते.

"कोणालाच काही म्हणायचं नाही," अध्यक्ष म्हणाले. "हेच आपल्या मोहिमेचं यश."

बाईंनी हात सावकाश खाली घेतला, बाजूने. त्या खुणेवर काही वाजत नाही. मुलांनी गजकाठ्या मांडीवर ठेवल्या. मग पुरस्कार दिला गेला, आणि तेव्हा टाळ्यांचा इतका कडकडाट झाला की छताचा पंखा हलला.

पुढच्या अंकात फोटो आला. अध्यक्ष, मुख्याध्यापक, स्मृतिचिन्ह. बाईंचा अर्धा खांदा. खाली ओळ होती, 'मध्यंतरी एका वाद्यात किरकोळ आवाज निर्माण झाला, त्याबद्दल महासंघ दिलगीर आहे.' आणि संधींमध्ये, 'चेलो, उत्तम स्थितीत, गरजू शाळेस देणे आहे.'

हे तुम्ही वाचलं नसणार. पण त्या दिवशी पार्किंगमधून गाडी काढताना तुम्ही काहीतरी गुणगुणत होतात. चेलोताईचीच धून, एकही सूर न चुकवता. शेजारच्या गाडीतून त्या गृहस्थांनी डोकं बाहेर काढून विचारलं, "काय गाताय?"

"कुठे काय," तुम्ही म्हणालात, आणि काच वर केलीत.