वळलेला किरण

कुणी एक्स-रेचा लिफाफा घेऊन चाललेलं दिसलं, की कटरे सर भर रस्त्यात सायकल आडवी घालून तो मागत. गोंदिया स्टेशनाबाहेर एका अनोळखी बाईच्या गुडघ्याची फिल्म त्यांनी उन्हात धरली, तेव्हा तिचा नवरा अंगावरच आला. "ओ भाईसाब, डॉक्टर हो क्या?"

"डॉक्टर नाही गा, फिजिक्सवाला," सर शांतपणे म्हणाले.

आमच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवत, मी मराठी. चहाला त्यांचा एकच विषय. "हाड किरण अडवते, म्हणून दिसते. मऊ मांस अडवत नाही, जरासा वळवते. तो वळलेला पकडा, मंग पाहा!"

असं यंत्र इंदूरला आहे हे कळताच खटपट करून ते धानाची पुडी घेऊन गेले आणि दाण्याचं चित्र घेऊन परतले. दाणा अख्खा, पण आत केसासारखी चीर. राइस मिलवाला म्हणाला, "सर, ये तो मिल में डालते ही पता चल जाता है." सरांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

२०१४च्या सुमारास वहिनी खोकू लागल्या. छातीचा एक्स-रे काढला. साफ आहे, डॉक्टर म्हणाले. सरांना पटेना. त्यांनी इंदूरला फोन लावला. तिथे माणसं घेत नव्हते, फक्त नमुने.

"तांदूळ चालते, बायको नाही चालत," ते स्टाफरूममध्ये म्हणाले. आम्ही हसलो. तेही हसले.

नागपूरला जाऊ म्हटलं, तर वहिनीच अडून बसल्या. "साफ म्हनलं ना डॉक्टरनं? मंग कायले जाचं?" अखेर गेले, तेव्हा सीटी स्कॅनमध्ये गाठ सापडली. हृदयाच्या मागे, त्याच्या सावलीत. फुप्फुसाचा तेवढा भाग कापून काढला, पण उशीर झाला होता. होळीआधी वहिनी गेल्या.

तपासणीसाठी मेणात बसवून ठेवलेला तो तुकडा सरांनी नागपूरहून मागून घेतला आणि इंदूरला नेला. कुणाला सांगितलं नाही.

दिवाळीत मी घरी गेलो, तेव्हा त्यांनी कॉम्प्युटर लावला. पडद्यावर ती गाठ, चहूकडे मुळ्या सुटलेली. मला बघवेना.

"तिकडं नोका पाहू." त्यांनी गाठीवर तळहात ठेवला. "हे बाजूचं पाहा. चांगलं आहे ते."

दुधाच्या फेसासारखे बारीक बारीक कप्पे दिसत होते.

"यात तिची हवा जाये," सर म्हणाले. "मले हाक मारे, तं पलीकडच्या आळीले ऐकू ये."

मी चपला घातल्या, तरी त्यांचा हात पडद्यावरच होता.