थेटे सरांच्या दारातले बूट

सत्यनारायणाच्या पूजेला माणसं तीर्थप्रसादासाठी जातात. आमचे थेटे सर चपलांसाठी जात. यजमान दारात हात जोडून उभे असले तरी सरांची नजर खाली, उंबऱ्याबाहेरच्या चपलांच्या ढिगावर. एखादा मोठा जोड दिसला की त्याच्या शेजारी आपला पाय लावून बघायचे आणि जिन्यातच ठाण मांडायचे. आत आरती होऊन जायची. "हा जोड कोणाचा ते कळल्याशिवाय मी हलत नसतो," असं सांगून प्रसादाचा द्रोणही तिथेच मागवायचे.

थेटे सर आमच्या शाळेत खेळाचे शिक्षक होते. मी भूगोल शिकवायचे आणि नाशिकच्या इंदिरानगरात त्यांच्या समोरच राहायचे, म्हणजे शाळेत सुटले तर घरी सापडायचे. नव्वदच्या दशकात सगळं गाव क्रिकेटने झपाटलेलं असताना या गृहस्थांना बास्केटबॉलचं वेड. चेहरा फसवतो, मार्क फसवतात, पाय फसवत नाही, हा त्यांचा सिद्धांत. ज्या पोराला चपला पुरत नाहीत ते पोर पुढे ताडमाड वाढणार. "उंची देवाची, उडी माझी," असं छातीवर थाप मारून सांगायचे.

एकदा मात्र पायानेही फसवलं. एका बारशाला दारात प्रचंड कोल्हापुरी जोड पाहून सरांनी चारचौघांत जाहीर करून टाकलं, "हा ज्याचा, तो माझ्या संघात." थोड्या वेळाने सरांच्या कमरेला लागेल एवढं एक पोर बाहेर आलं आणि त्या चपला फरफटत निघालं. बापाच्या घालून आलं होतं. पण दिला शब्द सरांनी पाळला. ते पोर दहावीपर्यंत संघात राहिलं आणि समोरच्यांच्या काखेखालून बॉल घेऊन निसटायचं. "बघा बाई," सर मला म्हणाले, "देवाने हात आखडता घेतला, मी घेतला नाही."

आमचं मैदान सिमेंटचं. एका बाजूची रिंग वाकलेली, दुसऱ्या रिंगखाली मास्तरांच्या स्कूटर. लग्नसराईत शाळा मैदान भाड्याने द्यायची, त्यामुळे मांडवाच्या खांबांचे खड्डे वर्षभर राहायचे. पोरं खड्डे चुकवत बॉल आपटायला शिकली आणि परगावच्या सपाट मैदानावर गेली की कुणाला सापडायची नाहीत. मुख्याध्यापक हे श्रेय शाळेच्या सोयीसुविधांना देत.

दुखणं निराळंच होतं. पोर जरा हाताशी आलं की जून महिन्यात त्याचा दाखला पुण्याला. तिथल्या एका निवासी शाळेत लाकडी जमिनीचं कोर्ट होतं, राहणं-जेवण होतं, सारखे सामने होते. ऑफिसातल्या काचेच्या कपाटात सरांनी विभागीय ढालीसाठी मधली जागा मोकळी करून ठेवली होती. तिथे शिपाई चहाचा ट्रे ठेवायचा. ढाल दरवर्षी पुण्याला जायची आणि ती धरून फोटोत हसणारी निम्मी पोरं आमची असायची. मग सर स्टाफरूममध्ये कडाडायचे, "पळवलं. याही वर्षी पळवलं. नाशिकची द्राक्षं आणि नाशिकची पोरं, पिकली की पेटीत भरून बाहेर."

जाणारं पोर सरांच्या पाया पडायला घरी यायचं. सर गुरकावायचे, "तिकडे नवे मिळतील. जुने इथे काढून जा." पोर बूट दारात काढायचं आणि स्लिपरवर परत जायचं. असे जोड साठत साठत सरांच्या दाराबाहेर भिंतीला लागून मोठी ओळ झाली होती. सर रोज सकाळी त्यांच्यावर फडकं मारायचे आणि टोकं घराकडे करून नीट लावायचे. नवा दूधवाला पहिल्या दिवशी ती ओळ बघून हरखला. "घर मोठं दिसतंय साहेब. किती लिटर घालू?"

"अर्धा," सर म्हणाले. घरात ते एकटेच होते. लग्न करायचं राहून गेलं होतं.

हे बूट कशाला ठेवता, असं मी एकदा विचारलं. "चोर येत नाहीत," सर म्हणाले. "एवढी माणसं आत आहेत म्हटल्यावर कोण शिरेल?"

मग विलास आला. दिंडोरीच्या एका लग्नात मांडवाबाहेर सरांना टायरच्या तळव्यांच्या चपला दिसल्या आणि त्यांनी जेवणाची पंगत सोडली. विलासचे वडील दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत ट्रॅक्टरवर औषध फवारायचे. "घेऊन जा सर, पन ह्याला खायाला लय लागतं," एवढीच त्यांची अट. विलास सरांच्या घरीच राहिला. दूध दोन लिटरवर गेलं. सर पहाटे भाकऱ्या थापायला लागले, आणि पहिल्या काही भाकऱ्यांचा नकाशा बघून मला, म्हणजे भूगोलाच्या बाईला, एकही देश ओळखता आला नाही. दोन वर्षांत विलास रिंगेला लोंबकळायला लागला. पुढच्या वर्षी ढाल आमचीच, यात कोणाला शंका उरली नाही. मुख्याध्यापकांनी शिपायाला ट्रेसाठी दुसरी जागा बघायला सांगितलं.

सरांकडे फोन नव्हता. दर उन्हाळ्यात ते आमच्याकडे येऊन पुण्याच्या बहिणीला एक फोन करायचे. मैदानावर गावभर ऐकू जाईल असं ओरडणारा हा माणूस फोनवर कुजबुजायचा. बहीण कडक असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. त्या मे महिन्यात लाईन खराब होती. मी आत पापडाचं पीठ कुटत होते आणि सरांचा मैदानावरचा आवाज आला.

"अहो, घेऊन जा म्हणतोय मी. हो, विलासच... ढालीचं माझं मी बघेन. तुम्ही त्याला भाकरी द्या. चपातीने त्याचं भागत नाही. हॅलो? भाकरी. भा-क-री."

अख्ख्या गल्लीने ऐकलं. मी पिठाच्या हातांनी बाहेर आले. "ही तुमची बहीण?"

सर ओशाळले. "मला बहीण नाही, बाई."

"म्हणजे इतकी वर्षं पोरं तुम्हीच पाठवताय?"

त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. जिना चढताना सर कठडा धरायचे, ते मी रोज बघत होते. "सिमेंटवर उड्या मारून मारून हे पंचविशीतच गेले. मलाही पुण्याचं बोलावणं आलं होतं. आमच्या सरांनी सोडलं नाही. फार जीव होता त्यांचा माझ्यावर."

"मग स्टाफरूममधला तो आरडाओरडा कशाला?"

"सरांनी घालवलं असं पोराला वाटायला नको. पळवलं म्हटलं की पोर ऐटीत जातं."

मला आधी त्यांचा राग आला. एवढी वर्षं ढालीची वाट बघायची, ती दाराशी आली की आपल्याच हाताने परत पाठवायची, हे मला तरी जमलं नसतं.

जूनमध्ये विलासचे वडील न्यायला आले. "सर, तुमच्या ढालीचं मंग कसं?" त्यांनी विचारलं.

"ढालीला काय गुडघे असतात का? थांबेल ती," सर म्हणाले आणि विलासवर खेकसले, "बूट काढ." त्या वर्षी आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. शिपायाने ट्रे जागेवर ठेवला. दूध अर्ध्या लिटरवर आलं.

पुढे सर निवृत्त झाले. ढाल आलीच नाही. विलास मात्र खेळाच्या जोरावर रेल्वेत लागला, आणि दोन हजार सालानंतर कधीतरी त्याची बदली मनमाडला झाली. एका रविवारी तो सरांना भेटायला आला. दार उघडल्यावर सरांनी आधी त्याचे बूट बघितले, मग वर चेहरा. "वाढलास," एवढंच म्हणाले. मीही चहाला होते. दोघं दुपारभर गुडघ्यांवर बोलत होते. विलासचे शाबूत होते. सरांनी दोन्ही दाबून खात्री करून घेतली.

दिवेलागणीला विलास निघाला. गाडी गाठायची होती. ओळीच्या शेवटी त्याने आल्यावर काढलेल्या जोडातला एकच बूट होता.

"कुत्र्याने नेला असणार," सर दारातूनच म्हणाले. "फार कुत्री झालीत हल्ली. आता कुठे जातोस, राहा आजचा दिवस." आणि लगबगीने स्वयंपाकघरात गेले. परातीचा आवाज आला.

मी इकडेतिकडे बघितलं. दाराशेजारच्या खिडकीत एक बंद पडलेला कूलर होता, त्याच्या फटीतून बुटाची नाडी लोंबत होती. मी हात पुढे केला.

विलासने माझं मनगट हळूच धरलं. "ऱ्हाऊ द्या बाई. नका शोधू," तो म्हणाला. "उद्या सापडंल."

त्याने उरलेला बूट टोक घराकडे करून नीट ठेवला आणि आत गेला. आतून सरांची हाक आली, मैदानावरच्याच आवाजात.

"बाई, सकाळी दूधवाला आधी तुमच्याकडे येतो ना? त्याला सांगा, दोन लिटर."