मारिसेलचं उघडं दार

मारिसेलसमोर कशाचंही कौतुक करायची सोय नाही. दुबईच्या 'बर दुबई' भागातल्या आमच्या ऑफिसात कुणी म्हणालं, "आज काय धुकं पडलंय!" की रिसेप्शनवरून उत्तर येतंच, "इन माय टाउन, धुकं स्वयंपाकघरात येतं."

हे टाउन फिलिपीन्समध्ये, डोंगराच्या पायथ्याशी, भातखाचरांच्या मधोमध. मला याद्या करायची सवय. तिच्या गावाचीही केली आहे. त्यात स्पॅनिश काळातलं चर्च आहे आणि एक घंटा आहे. ती युद्धात गावकऱ्यांनी नदीत लपवली आणि नेमकी कुठे, तेच विसरले.

"मग वाजवता काय?"

"नवी घंटा."

"नवी म्हणजे कधीची?"

"माझ्या आजीच्या लग्नात वाजली होती."

मे महिन्यात तिथे फिएस्टा, म्हणजे गावजत्रा. सजवलेले रेडे चर्चसमोर गुडघे टेकतात. मी म्हटलं, "आमच्या पोळ्यासारखंच."

"तुमचे बैल गुडघे टेकतात?"

"नाही."

"प्रॅक्टिस कमी पडते, आते."

आते म्हणजे त्यांच्याकडे ताई. हे कळेपर्यंत वर्षभर मी कोड्यात होते, की हिच्या वडिलांची बहीण मी कधी झाले?

दर मे महिन्यात ती जाहीर करायची, "रविवारी फिएस्टा. माझं दार उघडं असतं." आम्ही "अरे वा!" म्हणून कामाला लागायचो. सोमवारी ती शेवयांचे डबे आणायची. माझा शाकाहारी, वेगळा.

यंदा मी तिला शिस्त लावायला गेले. "दरवर्षी इतकं उरतं कसं? माणसं मोजून बोलवावीत."

"बोलवायचं?" ती हसली. "इन माय टाउन फिएस्टाला कुणी बोलवत नाही, आते. दार उघडं दिसलं की लोक येतात. अनोळखीसुद्धा."

सात वर्षं आम्ही आमंत्रणाची वाट बघत होतो.

रविवारी दुपारी मी इंटरनॅशनल सिटीतलं तिचं घर गाठलं. एसी चालू, तरी दार सताड उघडं, खुर्ची लावून अडवलेलं. रूममेट ड्यूटीवर. मारिसेल नवा फ्रॉक घालून भरल्या टेबलापाशी एकटीच बसली होती.

"यल्ला, चल, हात धू," म्हणाली, जणू मी दरवर्षीच येते.

एका ताटलीशेजारी चिठ्ठी होती, 'आते. नो मीट.' कागद पिवळा पडला होता.

मी हात धुण्याआधी फोन काढला आणि ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं, 'मारिसेलचं दार उघडं आहे. यालाच आमंत्रण म्हणतात. निघा.'