नाना टेलरची बोटं

नाना टेलरनं शर्टाचं माप घेतलं आणि जबड्याखाली बोटं फिरवली नाहीत, असं आमच्या मुलुंडात कुणाचं झालं नसेल. गळ्याचं माप झालं तरी हे डोळे मिटून चाचपतच राहणार. गाठ लागली की विचारणार, "दुखते काय रे?" दुखते म्हटलं की स्वारी खूश! "झकास! दुखरी गाठ म्हणजे ओरडणारी शेजारीण. भांडण दुसऱ्याच घरात. दात बघ, घसा बघ, डोक्यात खरूज आहे काय बघ." पण टणक, न दुखणारी, पंधरा दिवसांत न उतरलेली गाठ सापडली, तर शिलाई टाकून त्या माणसाला स्वतः डॉक्टरकडे नेणार. गंडमाळेचा, म्हणजे मानेतल्या क्षयाच्या गाठींचा, धसका तेव्हा घरोघरी होता.

मला हा माणूस बिलकूल खपत नसे. खरं सांगतो, मी जळायचो. मी मॅट्रिक, सरकारी कचेरीतला. पण आमच्या हिच्या लेखी चाळीत अक्कल काय ती नानांनाच. "नाना म्हणाले मिठाच्या गुळण्या करा, नाना म्हणाले शेक द्या." आणि आमची सहा वर्षांची कुसुम? बाप कचेरीतून आला तरी ही आपली नानांच्या खोलीत चिंध्यांच्या बाहुल्या करत बसलेली.

एकदा कुसुमच्याच जबड्याखाली गाठ आली. सुपारीएवढी! अंगात ताप. ही म्हणाली, "नानांना दाखवू या." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "कापडं बेतणाऱ्याला काय कळतंय?" म्हणत मी पोरीला उचललं आणि तडक डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तोंडात बॅटरी मारली. दुधाची दाढ किडली होती. पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली, मग दाढ काढली.

म्हणजे नाना म्हणतात तेच की! मी आणखीनच भडकलो. "गाठ पूर्ण जाईपर्यंत घराबाहेर पडायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय," असं साफ खोटं सांगून मी कुसुमचं नानांकडे जाणं बंद केलं. नाना रोज दाराशी येऊन विचारायचे आणि मी बाहेरच्या बाहेर वाटेला लावायचो.

पंधराएक दिवसांनी गाठ नाहीशी झाली. मी मोठ्या तोऱ्यात नानांना सांगितलं, "गेली बरं का! आता तुमच्या तपासणीची गरज नाही."

"छान झालं," नाना म्हणाले. पण हलले नाहीत. या माणसाला ना बायको, ना पोर, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

"वसंता," ते हळूच म्हणाले, "जराशी राहिली असेल ना रे? मुगाएवढी? नीट बघ. राहिली असेल तर रोज बघावी लागेल, म्हणून विचारतो."

मी कुसुमला जवळ घेतलं. तिच्या जबड्याखाली बोटं फिरवली. काही म्हणजे काही नव्हतं.

"आहे हो नाना," मी म्हटलं. "जराशी आहे. संध्याकाळी पाठवतो तिला."